नांगर बसतो, भांडं बसत नाही

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, बहीण माहेरी आली की आमच्या घरात दोन वस्तू हमखास खाली उतरतात : झोक्याचा दोर आणि माळ्यावरची पत्र्याची पेटी. दोर अंगणातल्या कडुलिंबाला जातो. पेटी ओसरीवर उघडते आणि दुपारभर तिच्यातून काही ना काही निघत राहतं. गेल्या आखाजीला तळातून हातातल्या व्हिडिओ गेमच्या दोन कॅसेट निघाल्या. एक करडी, जाडजूड, टेट्रिसची. दुसरी तिच्या निम्म्या उंचीची, लाल, आरपार दिसणारी, पोकेमॉन रुबीची. कार्ट्रिज हा शब्द आम्ही लहानपणी ऐकलेलाही नव्हता. टीव्ही गेमची ती कॅसेट, म्हणून हातातल्या गेमचीही कॅसेटच. अमळनेरपासून नंदुरबारपर्यंत आमच्या वयाचं कोणीही तिला आजही तेच म्हणेल.

भाची अकरा वर्षांची. तिच्याकडे निन्टेन्डो कंपनीचा स्विच हा हातात धरून खेळायचा गेम आहे, जावयांनी पुण्याहून जुना घेतलेला. तिने लाल कॅसेट हातात घेतली, स्विच उलटासुलटा करून पाहिला, वरच्या बाजूचं झाकण उघडलं. आतली फट टपाल तिकिटाएवढ्या कार्डाची. ‘‘मामा, ही लावायची कुठे?’’ मी म्हणालो, यात नाही लागत. सांजोऱ्या तळत असलेली आई आतून म्हणाली, ‘‘काबरं बसत नही वं?’’ कंपनी तीच, पण यंत्र नवं आणि कॅसेट जुनी, असं मी समजावलं. आईला ते लगेच कळलं. ‘‘म्हंजे मिक्सरनं भांडं!’’

आमच्या माळ्यावर मिक्सरची पाच भांडी आहेत आणि त्यांतलं एकही आजच्या मिक्सरवर बसत नाही. भांड्याला काही झालेलं नाही. पाती शाबूत, स्टील शाबूत. फक्त ज्याच्यावर ते बसायचं ती मोटर जळाली आणि नव्या मोटरचे दाते वेगळे निघाले. आईच्या दृष्टीने जगाचा नियमच हा : वस्तू नवी आली की जुनी भंगारात.

पण त्याच वेळी अंगणात चुलतभावाचा नवा ट्रॅक्टर उभा होता आणि त्याच्या मागे काकांच्या काळातला पल्टी नांगर लावलेला होता. ट्रॅक्टर एका कंपनीचा, नांगर धुळ्याच्या एका वर्कशॉपमध्ये केलेला, मधे वीस वर्षांचं अंतर. तरी बसतो. नांगर सोडून रोटाव्हेटर लावा, तोही बसतो. शेतकऱ्याला यात विशेष काही वाटत नाही. नव्या ट्रॅक्टरला जुना नांगर बसणार नाही असं एखादा विक्रेता शोरूममध्ये म्हणाला, तर तो ट्रॅक्टर तिथेच राहील.

म्हणजे एकाच अंगणात दोन रीती नांदत होत्या, मिक्सरची आणि ट्रॅक्टरची. नव्या हातगेमवर जुनी कॅसेट चालावी की नाही, हा मला यांतली कोणती रीत आपण मान्य करतो याचा प्रश्न वाटतो. तो पोरखेळाचा आहे असं म्हणून सोडून देऊ नये. कारण आज जे खेळण्याच्या बाबतीत चालवून घेतलं, ते उद्या पुस्तकाच्या, गाण्याच्या, शेतातल्या मोटरच्या स्टार्टरच्या बाबतीतही चालवून घ्यावं लागतं.

आधी एक गैरसमज दूर करतो. जुनी कॅसेट नव्या यंत्रात चालत नाही ती तंत्रज्ञान पुढे गेल्यामुळे, असं सरसकट सांगितलं जातं. इतिहास तसा नाही. निन्टेन्डोचा गेमबॉय 1989 साली आला. तो घडवणाऱ्या चमूचे प्रमुख गुनपेई योकोई यांचं धोरणच असं होतं की जुनं, स्वस्त झालेलं, खात्रीचं तंत्र घ्यायचं आणि ते नव्या तऱ्हेने वापरायचं. म्हणून प्रतिस्पर्धी रंगीत पडदे लावत असताना गेमबॉयचा पडदा हिरवट आणि बिनदिव्याचा होता, पण चार पेन्सिल सेलवर तो तासन्‌तास चालायचा. पुढच्याच वर्षी आलेल्या सेगाच्या गेम गिअरला सहा सेल लागत आणि ते काही तासांत संपत. लोकांनी कोणाला पसंत केलं ते जगजाहीर आहे.

मग 1998 साली गेमबॉय कलर आला. त्यात 1989ची करडी कॅसेट चालायची. नुसती चालायची असं नाही, सुरू होताना बाणाचं बटण दाबलं तर त्या काळ्यापांढऱ्या खेळाला रंगाच्या वेगवेगळ्या छटा चढायच्या. ज्या नव्या कॅसेट फक्त कलरवरच चालणार होत्या त्यांचा आकार मुद्दाम थोडा वेगळा ठेवला होता. जुन्या गेमबॉयचं चालू करायचं बटण सरकवलं की एक प्लास्टिकची जीभ कॅसेटच्या कोपऱ्यातल्या खाचेत शिरायची. नव्या कॅसेटला ती खाचच नाही, त्यामुळे जुन्या यंत्राचं बटण सरकायचंच नाही. कुठे काय चालेल हे पोराला वाचावं लागत नसे, बोटाला कळत असे.

सगळ्यात देखणी युक्ती 2001 सालच्या गेमबॉय ॲडव्हान्समध्ये आहे. हे यंत्र आतून पूर्ण वेगळं, 32 बिटी. कॅसेटही वेगळी, निम्म्या उंचीची आणि 3.3 व्होल्टवर चालणारी. जुन्या कॅसेटला 5 व्होल्ट लागायचे. मग केलं काय, तर स्लॉटच्या, म्हणजे कॅसेट घालायच्या फटीच्या, आत एक बारीकसा खटका बसवला. जुनी कॅसेट आत गेली की तिच्या कडेने तो खटका दाबला जातो. नव्या कॅसेटला त्या जागी खाच आहे म्हणून दाबला जात नाही. खटका दाबला गेला की यंत्र 5 व्होल्ट देतं आणि त्याच्या पोटात खास यासाठी ठेवलेला जुना 8 बिटी प्रोसेसर जागा होतो. विहिरीवर डिझेल इंजिन आणि इलेक्ट्रिक मोटर दोन्ही ठेवून एका चेंजओव्हरवर काम भागवणारा शेतकरी आपण पाहिलेला आहे. हे तेच, फक्त तळहातावर.

याचाच पुढचा अवतार, मिटणारा आणि चार्ज होणारा एसपी, 2003चा. त्या दिवाळीला मस्कतला नोकरी करणाऱ्या मामांनी तोच आणला होता. सोबत रुबी. टेट्रिसची करडी कॅसेट त्यांना तिथल्या एका सहकाऱ्याने फुकट दिली, कारण त्याच्या लेखी ती जुनाट झाली होती. आमच्या एसपीत ती पहिल्याच झटक्यात सुरू झाली. चौदा वर्षांपूर्वीचा खेळ, 32 केबीचा. आज व्हॉट्सॲपवर सकाळी येणारं ‘शुभ सकाळ’चं गुलाबाचं चित्र त्याहून मोठं असतं.

साखळी तुटायला लागली ती यानंतर. निन्टेन्डोच्याच 2004च्या डीएस या यंत्रामध्ये दोन स्लॉट होते. खालच्यात ॲडव्हान्सची कॅसेट बसे, पण जुना 8 बिटी प्रोसेसर काढून टाकल्याने करडी कॅसेट बाद झाली. 2006च्या डीएस लाइटमध्येही खालचा स्लॉट होता, फक्त कॅसेट थोडी बाहेर डोकवायची. 2008च्या डीएसआयमधून तो स्लॉटही गेला. त्यानंतरच्या थ्रीडीएसने निदान डीएसची कार्डं सांभाळली. 2017च्या स्विचने सगळंच सोडलं. सोनीनेही असंच केलं. तिच्या पीएसपी या हातगेमच्या चकत्या घेतलेल्यांना नंतर आलेल्या व्हिटामध्ये त्या घालायला जागाच नव्हती.

आता दुसरी बाजू. स्लॉट ठेवायला पैसे लागतात, जागा लागते, यंत्र जाड होतं. डीएसआय बारीक करायचा म्हणून स्लॉट काढला हे कारण मला पटतं. कोणत्याही कंपनीने तीस वर्षांपूर्वीच्या प्रत्येक वस्तूसाठी नव्या यंत्रात भोक पाडून ठेवावं असा कायदा मी मागणार नाही. तो मूर्खपणा ठरेल. ट्रॅक्टरलाही आता बैलाचं जू लागत नाही.

माझा आक्षेप स्लॉट काढण्यावर नाही, काढल्यानंतर जे केलं जातं त्यावर आहे. स्लॉट काढला, मग त्यांतल्याच काही खेळांची ऑनलाइन विक्री सुरू केली. ज्याच्या पेटीत कॅसेट आहे त्यानेही तो खेळ पुन्हा विकत घ्यायचा. बरं, घेतला. मग 2023च्या मार्चमध्ये थ्रीडीएसचं ते ऑनलाइन दुकान खरेदीसाठी बंद झालं. जे खेळ फक्त तिथेच मिळत होते ते आता पैसे हातात घेऊन उभं राहिलं तरी सरळ मार्गाने मिळत नाहीत. त्याच वर्षी व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशन या अमेरिकी संस्थेने एक अभ्यास काढला. तिकडे प्रकाशित झालेल्या जुन्या खेळांपैकी 87 टक्के खेळ आज बाजारात उपलब्ध नाहीत, असं त्यात निघालं. 2025च्या स्विच 2वर आधीच्या स्विचची बहुतेक कार्डं चालतात, हे चांगलंच झालं. पण त्याबरोबर एक नवा प्रकारही आला : कार्ड असतं, पण त्यात खेळ नसतो, नुसती किल्ली असते. खेळ सर्व्हरवरून उतरवायचा. तो सर्व्हर वीस वर्षांनी कोणाच्या माळ्यावर असणार?

मी स्वतः एका ऑनलाइन दुकानातून दोन खेळ घेतले होते. ज्या ईमेलवर खातं होतं ती सेवा बंद पडली, पासवर्ड बदलायचा दुवा त्याच ईमेलवर जाणार, आणि ग्राहकसेवेतून दर वेळी वेगळ्या नावाच्या माणसाचं तेच उत्तर. पावती माझ्याकडे आहे. खेळ नाहीत. त्यानंतर ‘विकत घ्या’ असं लिहिलेल्या बटणाकडे मी जरा संशयानेच पाहतो. कॅलिफोर्नियात तर 2025पासून असा नियमच आहे की ग्राहकाला फक्त वापरण्याचा परवाना मिळणार असेल, तर दुकानाने तसं स्पष्ट सांगायचं. नुसतं ‘विकत घ्या’ म्हणून मोकळं व्हायचं नाही.

इथे हुशार वाचक मला अडवेल. कशाला एवढा खटाटोप? मोबाईलवर एम्युलेटर, म्हणजे जुन्या यंत्राची नक्कल करणारं सॉफ्टवेअर, टाका, सगळे जुने खेळ फुकट चालतात. जळगावच्या गोलाणी मार्केटात चौकशी केली, तर हजारो गेम भरलेलं चिनी यंत्र दोन-तीन हजारात हातात पडेल. खरं आहे. आणि आपण खानदेशी लोकांनी या बाबतीत सोवळेपणा मिरवण्यात अर्थ नाही. नव्वदच्या दशकात आम्ही ज्या टीव्ही गेमवर वाढलो तो मुळात निन्टेन्डोच्या फॅमिकॉम या जपानी टीव्ही गेमची नक्कल होता आणि ‘9999999 इन 1’ लिहिलेल्या त्या पिवळ्या कॅसेटमध्ये खरे खेळ पंचवीस-तीसच असत, बाकी त्यांचीच नावं बदलून. सारंगखेड्याच्या यात्रेत घोड्यांच्या बाजारापलीकडे खेळण्यांची रांग लागे, तिथे ब्रिक गेम मिळायचा. त्यातलं टेट्रिसही कोणाला विचारून घातलेलं नव्हतं. अस्सल आणि नक्कल हा भेद आम्हाला मामा मस्कतहून येईपर्यंत माहीतच नव्हता.

म्हणून चोरीच्या विरोधात मी पावित्र्याचं भाषण करत नाही. माझा मुद्दा उलटा आहे. आज ज्याने खेळ कधीच विकत घेतला नाही त्याला तो सहज खेळता येतो, आणि ज्याने पैसे मोजून कॅसेट घेतली त्याच्यापुढे मात्र दार बंद. प्रामाणिक गिऱ्हाईकाची सोय चोरापेक्षा वाईट असेल, तर बाजाराने ते गिऱ्हाईक हकनाक गमावलं असंच म्हणावं लागेल. कंपन्यांनी एम्युलेटरवाल्यांवर खटले भरले, 2024 साली स्विचच्या एका एम्युलेटरच्या कर्त्यांनी निन्टेन्डोला 24 लाख डॉलर द्यायचं मान्य करून प्रकरण मिटवलं. ते यंत्र तेव्हा दुकानात विक्रीला होतं, त्यामुळे कंपनीचा राग मी समजू शकतो. पण ज्या कॅसेटसाठी यंत्रच बनत नाही तिथे राखण कसली करायची? पीक निघून गेलेल्या शेताला कोणी कुंपण घालत नाही.

शिवाय कॅसेटमध्ये फक्त कंपनीचा खेळ नसतो. बहिणीची रुबी मी मुद्दाम चालू करून पाहिली, ते पुढे सांगतो. तिच्यात तिने दहाव्या वर्षी नाव दिलेले प्राणी आहेत. एकाचं नाव ‘गोटू’ आहे, जे आमच्या वासराचं होतं. हे कुठल्याही फुकटच्या यंत्रात मिळणार नाही.

यात एक तांत्रिक खोच आहे, ती माहीत नसली तर नुकसान होतं. बऱ्याच जुन्या कॅसेटमध्ये खेळाची नोंद टिकावी म्हणून घड्याळात असतो तसा चपटा सेल डकवलेला असतो. सेल मेला की नोंद गेली. पोकेमॉन गोल्ड आणि सिल्व्हरमध्ये तर तोच सेल घड्याळही चालवतो, त्यामुळे तो आणखी लवकर संपतो. रुबीचं तसं नाही. तिच्यात नोंद वेगळ्या चिपमध्ये राहते आणि सेल फक्त घड्याळापुरता असतो. म्हणून आमची रुबी चालू केल्यावर आतली बॅटरी संपल्याची सूचना आली, पण गोटू जिवंत होता. ज्यांच्याकडे गोल्डसारख्या कॅसेट आहेत त्यांनी सेल बदलून घेण्याआधी आतली नोंद रीडर, म्हणजे कॅसेट संगणकाला जोडणारं उपकरण, लावून संगणकावर उतरवून घ्यावी. घड्याळवाल्याकडे किंवा मोबाईल दुरुस्तीवाल्याकडे थेट कॅसेट दिली तर तो सेल छान डकवून देईल आणि नोंद कायमची पुसली जाईल. जाता जाता : कॅसेट चालेना की तोंडाने फुंकर मारायची आपली जुनी सवय चुकीची. थुंकीतल्या ओलाव्याने पट्ट्या गंजतात. कापसाच्या बोळ्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोल घ्या आणि हलक्या हाताने पुसा.

आता कोणी म्हणेल, खेळ संगणकावर उतरवून घेणं बेकायदा. कंपन्यांची जाहीर भूमिका बहुधा तीच असते. म्हणून आपला कायदा वाचावा. भारताच्या 1957च्या कॉपीराइट कायद्याचं 52वं कलम कशाला उल्लंघन मानायचं नाही ते सांगतं. त्यातल्या 52(1)(एए)नुसार संगणक प्रोग्रॅमची प्रत कायदेशीरपणे जवळ बाळगणाऱ्याला ती हरवण्या-बिघडण्यापासून संरक्षण म्हणून राखीव प्रत करता येते. 52(1)(एडी) आणखी पुढे जातं : स्वतः कायदेशीरपणे मिळवलेल्या प्रतीवरून, धंद्यासाठी नव्हे तर स्वतःच्या वापरासाठी, प्रत करायला मुभा. याच 52व्या कलमात एका प्रोग्रॅमचं दुसऱ्याशी जुळवून घेण्यासाठी लागणारी माहिती मिळवण्याचीही तरतूद आहे. 2012च्या दुरुस्तीने 65ए हे कलम आलं, नक्कल रोखणारं डिजिटल कुलूप तोडणाऱ्याला शिक्षा सांगणारं. पण तेही हक्क भंग करण्याच्या हेतूने तोडणाऱ्याला. अमेरिकेत याच बाबतीत ग्रंथालयांनी संशोधकांना जुने खेळ दुरून वापरू द्यावेत अशी मागणी झाली, ती तिथल्या कॉपीराइट कार्यालयाने 2024च्या ऑक्टोबरात नाकारली. म्हणजे निदान कागदावर तरी अमळनेरच्या ओसरीवर बसलेल्या माझ्या बहिणीची बाजू पुष्कळ भक्कम आहे. मी वकील नाही, पण मराठी वाचता येणाऱ्या कोणालाही या कलमांचा रोख कळेल. अर्थात नेटवरून परक्याची प्रत उतरवणं यात बसत नाही, आणि दोन हजारात हजार गेमचं यंत्र तर नाहीच नाही.

आणि स्लॉट बनवता येत नाही, हेही खोटं ठरलेलं आहे. अनालॉग नावाच्या छोट्या कंपनीने 2021च्या अखेरीस पॉकेट हे यंत्र काढलं. त्यात करडी, कलर आणि ॲडव्हान्स, तिन्ही तऱ्हांच्या कॅसेट बसतात. आत एफपीजीए आहे, म्हणजे अशी चिप की जिच्या अंतर्गत जोडण्या बदलून तिला जुन्या चिपसारखं वागायला लावता येतं. पाठोपाठ 2024 साली दुसऱ्या एका कंपनीचं क्रोमॅटिक हे यंत्र आलं, ते गेमबॉय आणि कलरच्या कॅसेट घेतं. मूठभर माणसांच्या कंपन्यांना जे जमतं ते मूळ मालकाला जमू नये? पण किंमत पाहा. पॉकेट निघाला तेव्हा 220 डॉलरला होता. त्यावर कुरियर, त्यावर सीमाशुल्क. कपाशीला भाव नसलेल्या वर्षी टेट्रिससाठी एवढे पैसे घाला असं मी कोणाला सांगणार नाही.

ट्रॅक्टरकडे परत येतो, कारण ती गोष्ट वाटते तितकी साधी नाही. मागच्या तीन पिनांचा तो जोड, ज्याला वर्कशॉपवाले थ्री पॉइंट लिंकेज म्हणतात, तो काही निसर्गतः आलेला नाही. हॅरी फर्ग्युसन या आयरिश माणसाने 1920च्या दशकात तो घडवला आणि त्याचं पेटंट घेतलं. पुढे त्यांची फोर्ड कंपनीशी कोर्टात जुंपली आणि 1952 साली फोर्डला 92 लाख 50 हजार डॉलर मोजावे लागले. म्हणजे तो जोडही एकेकाळी खाजगी मालकीचाच होता. पुढे पेटंटची मुदत सरली, बाकीच्यांनी तोच जोड उचलला, त्याची मापं प्रमाणित झाली, आणि आज धुळ्यातला लोहार त्याच मापात नांगर घडवतो. ट्रॅक्टरच्या इंजिनाने अवजार फिरवणाऱ्या पीटीओचंही तसंच, मिनिटाला 540 फेरे, सहा खाचांचा दांडा. ठिबकच्या 16 मिलिमीटर नळीचंही तसंच, जुन्या नळीला नवा जोड लागतो. हे कोणाच्या उपकाराने झालं नाही. शेतकरी संख्येने मोठा होता, एकाच वस्तूवर अडून बसणारा होता आणि त्याचं ऐकल्यावाचून धंदा होत नव्हता. गेम खेळणारं पोर असं अडून बसू शकत नाही. म्हणून त्याच्या वतीने मोठ्यांनी बोलायला हवं.

बोलायला जागाही आहे. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने 2022च्या जुलैत दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली. तिने सुरुवातीला चार क्षेत्रं धरली : शेतीची अवजारं, मोबाईल आणि टॅबलेट, घरगुती वस्तू, आणि वाहनं. त्या यादीत शेतीची अवजारं आहेत याचा मला आनंद आहे. खेळाची यंत्रं नाहीत, आणि त्यांना टॅबलेटच्या ओळीत धरायला काय हरकत आहे ते मला कळत नाही. पडदा तोच, बॅटरी तीच, चार्जरही आता तोच.

मागणी फार मोठी नको. खोक्यावर ठळक अक्षरात छापा की आधीच्या कोणत्या कॅसेट यात चालतात, आणि खेळ कार्डातच आहे की नुसती किल्ली. 2019च्या ग्राहक संरक्षण कायद्यात माहिती मिळण्याचा हक्क आहेच, त्यात हे सहज बसतं. ज्या दिवशी स्लॉट काढाल त्या दिवशी जुन्या स्लॉटची मापं, व्होल्ट आणि पिनांचा क्रम जाहीर करा, म्हणजे दुसऱ्या कोणाला, अगदी जळगावच्या एमआयडीसीतल्या एखाद्या छोट्या कारखानदाराला, स्वस्तातला रीडर करता येईल. आणि तो केला म्हणून त्याच्यामागे वकील लावू नका. एवढंच. यात कंपनीचं एकही नवं यंत्र कमी विकलं जाणार नाही.

खेळण्याच्या जतनाचं एवढं काय, असं विचारणाऱ्यांना मी धुळ्याला जायला सांगतो. इतिहाससंशोधक वि. का. राजवाडे 1926च्या शेवटच्या दिवशी धुळ्यात वारले आणि पुढच्याच वर्षी तिथे त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ उभं राहिलं. गावोगाव फिरून त्यांनी जे गोळा केलं त्यात नुसती राजांची पत्रं नव्हती. हिशेब होते, याद्या होत्या, ज्यांना त्या काळी लोक रद्दी म्हणत असे कागद होते. आज तिथलं दप्तर उघडलं तर कागद चांगला असतो, शाई चांगली असते, आणि तरी सामान्य माणसाला एक ओळ वाचता येत नाही. कारण अक्षर मोडी आहे आणि शाळेतून मोडी जाऊन दोन-तीन पिढ्या लोटल्या. कागद शाबूत, स्लॉट गायब. खानदेशातल्या किती घरांत शेताचे जुने दस्त असे पडून आहेत आणि कोर्टात काम निघालं की मोडीवाचक शोधत हिंडावं लागतं, ते ज्याचं त्याला माहीत. लिपी बदलली म्हणून मी कोणाला दोष देत नाही, पण ती शिकवायला, तिची मुळाक्षरं छापायला कोणी मनाई केली नव्हती. मोडीवाचकाला कोणी नोटीस पाठवत नाही.

जे लोक जुन्या कॅसेट सीलबंद ठेवून लिलावात विकतात त्यांच्याशी माझं काही देणंघेणं नाही. 2021 साली मारिओ या खेळाच्या एका सीलबंद कॅसेटला पंधरा लाख डॉलरहून जास्त बोली लागली. न उघडलेली कॅसेट म्हणजे न पेरलेलं बियाणं. आमच्या गल्लीत एक कॅसेट आठवड्यात चार घरं फिरायची, परत येताना तिचं लेबल थोडं जास्त झिजलेलं असायचं आणि कधीकधी तिच्यासोबत कैरीची फोड यायची. ऑनलाइन घेतलेला खेळ असा शेजारी देता येत नाही.

तर रुबीचं. मामांचा एसपी बॅटरी फुगून केव्हाच गेला. म्हणून मी पुण्याच्या एका माणसाकडून जुना डीएस लाइट घेतला. त्याची एक बिजागरी मोडकी आहे, पण खालचा स्लॉट ठणठणीत. रुबी बसली, थोडी बाहेर डोकावत. भाचीने आईच्या दहाव्या वर्षीचं सगळं सैन्य पाहिलं, गोटू पाहिला आणि त्याला ताबडतोब लढाईत हरवून आणलं. टेट्रिस मात्र या स्लॉटात जात नाही. ती पुन्हा पेटीत गेली.

परवा बहीण सासरी जायला निघाली तेव्हा भाचीने रुबी स्वतःच्या दप्तरात टाकली. कॅसेट तिची, तिच्या आईची, मी कोण अडवणार. डीएस लाइट माझ्याकडे राहिला आहे. त्यांच्या घरी त्या कॅसेटला लावायला काही नाही, आणि माझ्या घरी या स्लॉटात घालायला काही नाही. पुढच्या आखाजीला न विसरता आण असं सांगितलं आहे.